जातंय, नाही जातंय

2022च्या मे महिन्यात रंकाळा स्टँडवर माझा एक जुना विद्यार्थी भेटला. लांबूनच "बाई!" म्हणत आला आणि भर गर्दीत वाकून पाया पडला. दहावीला त्याला 52 टक्के पडले होते. त्याला लेखनिक मिळावा, जादा वेळ मिळावा म्हणून मी कागदांच्या मागं किती हेलपाटे घातले होते ते मलाच माहीत. निकालादिवशी त्याच्या आईनं शाळेत पेढे वाटले होते. मी विचारलं, "काय करतोस रे आता?" तो म्हणाला, "घरीच असतोय." चार वर्षं तो घरी होता. म्हशीला वैरण टाकायची, धाकट्या भावाला क्लासला सोडायचं, उरलेला दिवस मोबाइल. "मामा म्हणालेत, बघू कुठंतरी," असं म्हणून तो हसला आणि बसमध्ये चढला.

मी कोल्हापुरात विशेष शिक्षिका आहे. नियमित शाळांमधली नववी-दहावीची मुलं माझ्याकडे असतात. बहुतेक जण असे, की नुसतं बघून कुणाला काही कळायचं नाही. कुणाला अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचण्या-लिहिण्यात अडचण, कुणाला सौम्य बौद्धिक अक्षमता, कुणी कानाला यंत्र लावतं. लोक सरसकट 'गतिमंद' म्हणून मोकळे होतात. आमच्याकडे या मुलांसाठी परीक्षेच्या सवलती आहेत आणि त्या हव्यातच, त्यासाठी मी कुणाशीही भांडेन. पण त्या दिवशी घरी जाऊन जुन्या हजेरीवह्या काढल्या, दोन दिवस फोन करत बसले, तेव्हा कळलं, की माझ्या हाताखालून पास होऊन गेलेली निम्म्याहून जास्त मुलं घरीच आहेत. आम्ही त्यांना दहावीच्या शेवटच्या पेपरपर्यंत बोट धरून नेलं आणि तिथं बोट सोडलं.

जूनमध्ये नववीत एक मुलगा आला. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तो हे वाचून घेईल कुणाकडून तरी, आणि लाजेल. पहिलीत उशिरा घातलेला, मध्ये एक वर्ष शाळा सुटलेली, त्यामुळे नववीतच सोळा पूर्ण व्हायला आलेले. सौम्य बौद्धिक अक्षमता, प्रमाणपत्रावर 50 टक्के दिव्यांगत्व. त्याच्या फाइलमध्ये त्याला काय येत नाही याची तीन पानं होती. वजाबाकी हातच्याची येत नाही, दशांश कळत नाहीत, परिच्छेद वाचता येत नाही. काय येतं याबद्दल एक ओळ नव्हती. ती ओळ लिहायला मी त्याच्या घरी गेले.

आई चार घरची धुणीभांडी करते, वडील मार्केट यार्डात हमाल. मी विचारलं, घरात काय काय करतो? आई म्हणाली, "काय करतंय बाई, दळण आणतंय, गॅसची टाकी बदलतंय." योगायोगानं त्या दिवशी टाकी संपलीच होती. मी कोपऱ्यात बसून बघितलं. त्यानं आधी शेगडीची दोन्ही बटणं बंद आहेत का ते फिरवून बघितलं. नव्या टाकीचं टोपण दोरीनं ओढून काढलं. आत करंगळी घालून वायसर जागेवर आहे का चाचपलं. मग रेग्युलेटर दाबून बसवला, आणि नाक खाली नेऊन वास घेतला. मधे बहीण काहीतरी विचारत होती, रेडिओ चालू होता, तरी एकही पायरी चुकली नाही. हे त्याला कुणी वहीत लिहून दिलेलं नव्हतं. बापानं दोनदा दाखवलं होतं, झालं.

त्या करंगळीनं मला पुढं फार मोठी मदत केली, पण ते नंतर.

नववी आणि दहावी ही दोन वर्षं आम्ही शाळेच्या अभ्यासाबरोबर वेगळंच काहीतरी करत होतो. शनिवारी शाळा सुटल्यावर केएमटीनं, म्हणजे शहराच्या बसनं, एकट्यानं प्रवास. पहिल्यांदा मी शेजारी, मग मागच्या सीटवर, मग पुढच्या स्टॉपवर वाट बघत, मग फक्त फोनवर. घड्याळ वाचण्यापेक्षा 'किती वाजता निघायचं' हे शिकवणं जास्त अवघड गेलं. अनोळखी माणसाला "मला कळलं नाही, परत सांगा" म्हणणं तर सगळ्यांत अवघड. आमच्या मुलांना हे वाक्य येत नाही, कारण वर्गात ते म्हटलं की हसू होतं. दहा वर्षांत ती गप्प बसायला इतकी पक्की शिकतात, की ते मोडायला दोन वर्षं पुरत नाहीत.

कागदांचं थोडक्यात सांगते. दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) काढून ठेवा, ते पुढं एसटीच्या सवलतीपासून आयटीआयच्या प्रवेशापर्यंत सगळीकडे लागतं. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र काढताना आम्हाला लागू असलेल्या 2018च्या नियमांप्रमाणं ते आठव्या वर्षानंतर, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासून घ्यावं लागत होतं, आणि अठराव्या वर्षीचं आयुष्यभर चालतं. दहावी झाली की पालक फाइल माळ्यावर टाकतात आणि नेमकं हे शेवटचं राहून जातं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण आहे, त्यातला 1 टक्का बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून. पण त्याला किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट. माझ्याकडच्या एका मुलाचं मूल्यमापन 'सीमारेषेवर' आलं, कागदावर 25 टक्के. म्हणजे शाळा झेपत नाही हे खरं, आणि सवलत लागू नाही हेही खरं. त्याला गॅरेजमध्ये लावला होता, आठ दिवसांत सोडून आला. आता वडिलांबरोबर लक्ष्मीपुरीत भाजी विकतो. बरा आहे. पण त्याच्यासाठी मला जे करता यायला हवं होतं ते मी करू शकले नाही, हे मला अजून लागतं.

दहावीनंतर त्या करंगळीवाल्या मुलाला अठरा पूर्ण होण्याची वाट बघायची ठरवली. कारखान्यात घालायचा तर त्याआधी नाही, यावर मी ठाम होते. 2024च्या ऑगस्टमध्ये तो अठराचा झाला. तोवर मी उद्यमनगर पायी पालथं घालत होते. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, शिवाजी उद्यमनगर म्हणजे एकाला एक चिकटून छोटे छोटे कारखाने. फाउंड्रीतून कास्टिंग यायचं, इथं लेथवर टर्निंग, ड्रिलिंग, मग पुढं मोठ्या कंपनीला. दहा-बारा माणसांचे हे कारखाने, यांना आरक्षणाचा कायदा लागू नाही. इथं चालतो तो मालकाचा विश्वास.

बऱ्याच ठिकाणी दारातूनच परत आले. "बाई, मशीनमध्ये बोट गेलं तर कोण जबाबदार?" हा प्रश्न मला खोटा वाटला नाही. ज्याच्या कारखान्यात एकदा तरी बोट गेलंय तो माणूस असं विचारणारच. मी सांगायची, मशीनवर नको, टेबलावरचं काम द्या. एका मालकांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "टेबलावर म्हणजे तपासणी. पण माझ्याकडं येणाऱ्याला व्हर्नियर वाचता आला पाहिजे."

व्हर्नियर म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, आणि तिच्यावरचं माप म्हणजे दशांश. दशांश म्हणजे फाइलमधली तीन पानं.

मी त्यांना म्हटलं, मला तीन दिवस इथं स्टुलावर बसून काम बघू द्या. त्यांनी बसू दिलं, चहाही दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी मला दिसलं, की बुशचं, म्हणजे आरपार भोक असलेल्या धातूच्या गोल तुकड्याचं, भोक तपासायला फोरमन व्हर्नियर घेतच नाही. त्याच्या हातात एक लोखंडी दांडी असते, दोन्ही टोकांना दोन गोल. तिला गो-नो गो गेज म्हणतात. लांब टोक भोकात गेलं पाहिजे, आखूड टोक जाता कामा नये. आखूड टोकाजवळ लाल पट्टा असतो. लांब गेलं आणि लाल अडलं, तर माल चांगला. बाकी सगळा बाजूला. आकडा वाचायचाच नाही. जातंय की नाही जातंय, एवढंच.

शेकडो बुश एकसारखे तपासायचे तर प्रत्येक वेळी आकडा वाचणं परवडत नाही, म्हणून शहाण्यासुरत्या कामगारांसाठी कुणीतरी हे साधन शोधलं. कायद्यात दिव्यांगांसाठी कामाच्या जागी वाजवी बदल करून द्यायची भाषा आहे, आणि ती वाचून मालकांना वाटतं, आता काहीतरी खर्चाचं सांगणार. इथं तो बदल त्यांच्याच टेबलावर तेल लागून पडलेला होता. मी ती दांडी उचलून मालकांना दाखवली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणा पोराला सोमवारी."

पगाराची बोलणी त्याच दिवशी झाली. निम्म्या पगारावर बघू, असं आधी आलं. मी म्हटलं, निम्मं काम होत असेल तर निम्मे तास ठेवा, पण तासाचा भाव इतर हेल्परएवढाच, किमान वेतनाच्या खाली नाही. एक महिना अर्धा दिवस, नंतर पूर्ण, असं ठरलं. इथं पालक आणि शिक्षक फार नमतात. 'ठेवून घेतलं हेच उपकार' असं वाटतं. पहिल्याच दिवशी पोराची किंमत निम्मी करून घेतली, की पुढं ती कधी वाढत नाही.

पहिला आठवडा मी रोज त्याच्याजवळ उभी होते. चित्रांचं एक कार्ड केलं होतं. बुश उचल, लांब टोक घाल, लाल टोक घाल, हिरवा ट्रे नाहीतर लाल ट्रे. दोन दिवसांत त्याला कार्ड लागेना. तिसऱ्या दिवशी वेग आला. मी मनात खूश होते आणि दुसऱ्या आठवड्यात एक दिवस शाळेच्या कामाला गेले. दुपारी फोरमनचा फोन. "बाई, या जरा. पोरगं दीड तास हाताची घडी घालून बसलंय."

गेले तर खरंच बसला होता. समोरचा ट्रे संपला होता. मी विचारलं, "का रे बसलास?" तो म्हणाला, "घंटा झाली नाही."

दहा वर्षं त्याचा दिवस घंटेनं पुढं सरकला होता. एक विषय संपला की घंटा, मग दुसरा. घंटा होईपर्यंत हाताची घडी घालून बसणारा मुलगा शाळेत गुणी ठरतो, बक्षीस मिळतं त्याला. कारखान्यात तोच आळशी ठरला. फोरमनची चूक नव्हती, त्याला दुसरं काय वाटणार? आणि ही सवय त्याला आम्हीच लावली होती. त्या दिवशी कार्डावर शेवटचं चित्र काढलं, रिकामा ट्रे हातात घेऊन फोरमनकडे चालणारा मुलगा. वाक्यही ठरवलं, "काका, झालं. आता काय?" ते वाक्य आम्ही कारखान्याच्या दारात उभं राहून वीस वेळा म्हटलं.

दुसरा घोटाळा मात्र पूर्ण माझा. तिसऱ्या आठवड्यात त्यानं एका सकाळी 36 बुश लाल ट्रेमध्ये टाकले. फोरमननं सगळ्यांसमोर आवाज चढवला. त्यानं मान खाली घातली आणि दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही. आईचा फोन आला, "बाई, नको म्हणतंय. पोटात दुखतंय म्हणतंय." मी आधी कारखान्यात गेले आणि ते 36 बुश एकेक करून बघितले. चांगले होते सगळे. भोकात मशीनचा बारीक लोखंडी कीस राहिला होता, म्हणून गेज आत जात नव्हतं. मग फोरमनला म्हटलं, तुम्ही कसं करता ते दाखवा. त्यानं बुश उचलला, माझ्याशी बोलता बोलताच अंगठ्यात चिंधी धरून भोकात एक वळसा दिला आणि गेज घातलं. मी विचारलं, "हे पुसलंत ते?" तो म्हणाला, "काय पुसलं?" त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, इतकं ते हाताला मुरलेलं. तीन दिवस स्टुलावर बसून मलाही ते दिसलं नव्हतं. त्यामुळे माझ्या कार्डावर ते नव्हतं, आणि कार्डावर नाही ते त्यानं केलं नाही. जे सांगितलं ते त्यानं तंतोतंत केलं होतं.

संध्याकाळी त्याच्या घरी गेले. तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता. मी म्हटलं, "चूक माझी झाली. मी तुला एक गोष्ट सांगायची विसरले." तो वळला. मी म्हटलं, "गॅसच्या टाकीत करंगळी घालून काय बघतोस?"

"वायसर."

"तसं बुशमध्ये चिंधी घालून आधी कीस बघायचा. मग गेज."

तो उठून बसला आणि म्हणाला, "मग आधी सांगायचं न्हाई का, बाई?" मला वाटतं, मोठ्या माणसाला त्यानं असं पहिल्यांदाच सुनावलं असेल. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. फोरमननंही, कुणी न सांगता, त्याला स्वतःची चिंधी दिली.

नंतरही कुरबुरी झाल्या. पोरं त्याला दिवसभर चहा आणायला, मावा आणायला पिटाळायची, आणि तोही जायचा, कारण कुणी काम सांगितलं की त्याला बरं वाटायचं. मालकांना सांगून ते बंद केलं. चहा आणायची पाळी सगळ्यांची, आठवड्यातून एकदा त्याचीही. बँकेत एका शाखेत सही असूनही "पालक नेमल्याचा दाखला आणा" म्हणून परत पाठवलं. सौम्य अक्षमतेचा अठरा पूर्ण झालेला माणूस स्वतःचं खातं स्वतः चालवू शकतो, हे तिथं बसून, आवाज न चढवता, पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्या फेरीला खातं उघडलं. पहिला पगार त्यानं एटीएममधून काढला आणि आईच्या हातात दिला. आईनं त्यातले शंभर त्याला परत दिले. तिथं मी मध्ये पडले. म्हटलं, ताई, आधी सगळे त्याच्या हातात राहू देत, मग त्यानं तुम्हाला द्यावेत. तिला ते लगेच पटलं नाही. आता पटलंय.

याच दिवसांत माझ्याकडे अध्ययन अक्षमता असलेली एक मुलगी होती. तिच्यासाठी मी पॅकिंगचं काम बघून ठेवलं, वाचायला कमी म्हणून. ती म्हणाली, "बाई, मला काउंटरवर उभं राहायचंय. माणसांशी बोलायला आवडतंय मला." मी मनातून घाबरले. पण किराणाच्या मोठ्या दुकानात बिल आता यंत्र करतं, वस्तूवरची पट्टी त्याच्यासमोर धरली की नाव आणि किंमत पडद्यावर. तिनं ते माझ्याआधी बघून ठेवलं होतं. दुकानात आपल्या अडचणीबद्दल सांगायचं की नाही, हा निर्णयही तिचा. तिनं नाही सांगितलं. अठराव्या वर्षीचं प्रमाणपत्र तिनं घडी घालून कपाटात ठेवलंय, लागेल तेव्हा काढेन म्हणते. मला आधी ते खटकलं. पण ज्या मुलीचं नाव दहा वर्षं वर्गात एका शिक्क्यासकट घेतलं गेलं, तिला एखाद्या जागी नुसत्या नावानं राहावंसं वाटलं तर मी कोण अडवणारी? माल परत घेतानाचा फॉर्म तिला जड जातो. त्याचा फोटो काढून ती रात्री घरी सराव करते.

आमच्या मुलाकडं मी हळूहळू जाणं कमी केलं. रोजचं आठवड्यातून दोनदा, मग महिन्यातून एकदा. आपल्याला वाटतं आपल्यावाचून अडेल, आणि पोराला वाटतं बाई आहेत. शेवटी शेवटी मी कारखान्याच्या समोर चहाच्या गाड्यावर बसायची आणि आत जायची नाही. तीन महिन्यांनी तेही बंद केलं.

गेल्या पावसाळ्यात फोरमनचा फोन आला. पोटात गोळाच आला माझ्या. ते म्हणाले, "काय न्हाई बाई, घाबरू नका. तुमच्या पोरानं आज काम थांबवलं." मी विचारलं, "का, काय झालं?"

झालं असं, की गेजवरचा लाल पट्टा तेलानं आणि हातांनी पुसून पुसून गेला होता. दोन टोकांतला फरक लांबी बघून कळतो, बाकीचे कुणी लक्षही देत नव्हते. हा सकाळी कामाला बसला, गेज हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि खाली ठेवलं. पण हाताची घडी घातली नाही. उठून फोरमनसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, लाल गेलंय. रंग द्या." फोरमन म्हणाले, कामात होतो, म्हटलं नंतर बघू. तर हा जाईना. तिथंच उभा.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, डबा शोधून दिला. त्यानंच लावला. वाळेपर्यंत दुसरा ट्रे घेऊन पुसत बसला."